दोन कंट्रोलर

दहाव्याला कावळा शिवेना.

धुळ्यात पांझरेच्या काठावर पिंड मांडून दीड तास झाला होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले. खाली बघायचे आणि मान फिरवायचे. माझा धाकटा भाऊ तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेला होता. एकोणीस वर्षांचा, जळगावला डिप्लोमा करत होता. कावळा शिवत नसेल तर गेलेल्याची इच्छा राहिली असं समजायचं, ती ओळखायची आणि पिंडापुढं मोठ्यानं वचन द्यायचं, ही रीत. आबांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी सुरुवात केली, "तुझ्या मायला आम्ही सांभाळू." कावळे ढिम्म. मामा म्हणाले, "तुझी मोटरसायकल विकणार नाही." काही नाही. गावातल्या एका नानांनी तर त्याच्या नावानं पाणपोई कबूल केली. अहो, एकोणीस वर्षांच्या पोराला पाणपोई!

"त्याना मनमा काय व्हतं, कोणले म्हाईत शे का?" आबांनी सगळ्यांकडे बघून विचारलं.

मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण एवढ्या टोप्या-उपरण्यांपुढं 'गेम' हा शब्द तोंडातून निघेना. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? वाळूनं तळपाय भाजायला लागले तेव्हा मी पिंडाजवळ वाकलो आणि पुटपुटलो, "घेतो रे बाबा, तुझ्या यादीतला कॉम्प्युटर घेतो." मागे सरलो आणि कावळा उतरला. सगळ्यांनी हात जोडले. मी काय बोललो ते कोणी विचारलं नाही. माझ्या अंगावर मात्र जो काटा आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

आता यादीचं सांगतो. मी मोटारी भरणारा माणूस. शेतातली जळालेली मोटर खोलायची, तांब्याची तार नव्यानं भरायची, की झालं. गेम खेळायचा कॉम्प्युटर म्हणजे माझ्या लेखी दिवे लावलेला डबा. भाऊ वर्षभर मला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवायचा, सुट्या भागांची, कमीत कमी पैशात बसवलेली. मी यादी कधी वाचलीच नाही. थेट तळाचा आकडा बघायचा आणि लिहायचं, 'कमी कर.' नाहीतर 'थांब.' वर टोमणा, "अभ्यास होत नसेल तर ये इकडे तार गुंडाळायला." तो हसायचा. मायला सांगायचा, दादा थांब म्हणतो.

महिन्याभरानं मी जळगावला गेलो. दुकान त्यानंच हेरून ठेवलेलं होतं. गल्ल्यावरच्या शेठनं माझा मोबाइल घेतला, बोटानं वर-खाली केलं आणि म्हणाला, "भाऊ, नक्की कोणती? सात याद्या आहेत यात."

मी वचन कोणत्या यादीचं दिलं होतं? पहिली त्याच्या मनातली. सातवी म्हणजे मी कापून कापून उरलेली. चुकीची घेतली तर? दुकानात माणसं रॅमचे भाव विचारत होती आणि मला बाभळीवरचा तो कावळा दिसत होता. मी स्टुलावर बसलो आणि सातही याद्या पहिल्यांदा वाचल्या.

पहिल्या यादीत ग्राफिक्स कार्ड होतं, गेमचं चित्र पळवणारं. तिसऱ्यात त्यानं ते काढून टाकलं होतं आणि कार्डाशिवाय चित्र दाखवणारा प्रोसेसर घेतला होता. पुढं कॅबिनेट साधं पत्र्याचं झालं, रॅम निम्मी झाली, मॉनिटर मित्राचा जुना आला. सगळ्या भागांना वीज पुरवणारा पावर सप्लाय मात्र सातही याद्यांत तोच, मोठा.

"हा एवढा कशाला? कार्डच नाही तर निम्म्यात भागेल," शेठ म्हणाला.

ते मला कळलं. बाकी काही नाही, पण ते कळलं. सुट्टीत तो माझ्या दुकानात बसायचा तेव्हा मीच शिकवलेलं, लोड आज नसला तरी उद्या येतो, वायर जाड टाकून ठेवावी. त्यानं कार्डाची जागा ठेवली होती. दादा आज नाही म्हणतो, उद्या देईल, हा त्याचा हिशेब.

"पहिल्या यादीतलं कार्ड यावर चालेल?"

"आरामात."

"मग शेवटची यादी घ्या आणि ते कार्ड टाका."

"पोराला घेऊन या ना. त्याच्यासमोर जोडतो, पोरांना आवडतं."

"तो येणार नाही," मी म्हणालो. शेठला परीक्षा वगैरे वाटली असेल.

"आणि दोन कंट्रोलर? एकटाच खेळणार ना? एक काढा, त्या पैशात रॅम वाढेल."

मी 'काढा' म्हणणारच होतो. जित्याची खोड! पण ओळ नजरेला पडली. सातही याद्यांत, आकड्याच्या बरोब्बर वर: 'कंट्रोलर दोन. एक दादाचा, त्याच्या जाड अंगठ्यांना बसेल असा.'

सात वेळा पाठवली आणि सातही वेळा मी तिच्यावरून उडी मारून आकड्यावर गेलो. मला तिथंच रडू फुटलं. तेहतीस वर्षांचा गडी, भर दुपारी, दुकानात. शेठनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि बिलावर 'दोन' लिहिलं.

घरी भावाच्या टेबलावर सगळं लावलं, मॉनिटर त्याच्या मित्राकडून आणला. शेठनं दोघांनी खेळायचा एक गेम टाकून दिला होता. मी जाड अंगठ्यांचा घेतला, दुसरा त्याच्या खाटेवर ठेवला. पडद्यावर दोन माणसं उभी होती. माझा चालायला लागला, पडद्याच्या कडेला गेला आणि तिथंच अडला. पाय हलत होते, पण जागचा सरकेना. दुसरा मागं उभा, माझ्याकडे तोंड करून. मी सगळी बटणं दाबून पाहिली.

"काय व्हयनं?" माय दारातून म्हणाली.

"दुसरा आल्याशिवाय पुढं जाता येत नाही, माय."

ती आत आली. खाटेवरचा कंट्रोलर तिनं उचलला, पदरानं पुसला आणि होता तिथंच परत ठेवला.

"मंग वाट देख," ती म्हणाली. "त्यानी बी देखी."