एका वेळी एकच कापड

माझी मोठी जाऊ शेवंताबाई माझ्याच गिऱ्हाइकांची कापडं स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवायची. वडनेरला मी बायकांचे ब्लाउज शिवते. एक पुरा करून दाखवला की दुसऱ्याचं कापड मिळायचं, तेही हातात नाही, मशीनवर फेकून.

त्याला कारण मीच. एकीचं कटिंग, दुसरीची बाही, तिसरीचं अस्तर, सगळं एकदम काढायचं आणि ढीग वाढला की उठून भांडी घासत बसायचं. दोन नवऱ्या उसन्या ब्लाउजात लग्नाला उभ्या राहिल्या, तेव्हापासून गावानं मला कापड देणं बंद केलं. नवरा मशीन विकायला निघाला. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी एडीएचडी आहे, एका कामावर लक्ष टिकत नाही, म्हणून सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. घरी येऊन हे सांगितलं तर जाऊबाई म्हणाली, "नाव भेटलं, चांगलं झालं. ब्लाउज कवा भेटते?"

सल्ले द्यायला बाकी सगळे हजर होते. नणंद मोबाइलवर व्हिडिओ पाठवायची: पहाटे उठा, मन शांत ठेवा. ती स्वतः नऊच्या आधी उठल्याचं मला आठवत नाही.

जाऊबाईनं सल्ला दिला नाही. आधीचा अर्धवट पडलेला ढीग उचलून नेला आणि रोज डाळ निवडायला माझ्या मशीनसमोर येऊन बसायला लागली. मी हलले की, "काऊन उठली? तहान लागली का गाव हिंडाले चालली?" कित्येक दिवसांनी पहिला ब्लाउज वेळेवर गेला, तेव्हा म्हणाली, "एक झाला. त्यात नाचाचं काय हाय?" मला तिचा भयंकर राग यायचा. त्या रागातच शिवण पुरी व्हायची. हळूहळू गिऱ्हाइकं परतली, मशीन घरात राहिली.

यंदा मे महिन्यात ती दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. सकाळीच तिनं अल्लीपूरच्या एका मुलीचं कापड माझ्यापुढे टाकलं होतं. "उद्या लगन हाय तिचं. तिले तरी उसना घालाले लावू नको."

संध्याकाळी अंत्यविधी आटोपून माणसं परतली, बायका भिंतीला टेकून बसल्या आणि मी मशीन सुरू केली. नणंद म्हणाली, "लाज नाई वाटत? जाऊ गेली अन् तू मशीन चालवून राह्यली."

मी मान वर केली नाही. उत्तर दिलं असतं तर उठले असते, आणि एकदा उठले की मी परत बसत नाही. काज केले, हुक लावले, इस्त्री केली. मुलीचे वडील दारात थांबले होते, त्यांच्या हातात ब्लाउज दिला.

ते गेल्यावर मी रडायला बसले.