माझी मान, मी ठरवीन

त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी सलूनचं शटर वर गेलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाइकाने उत्तर द्यायलाच हवं असंही नव्हतं. गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस नुसता "हं" म्हणाला तरी रेडिओचं भागायचं. दुकान छोटंसंच: दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दाराजवळची खुर्ची धाकट्या भावाची, आतली रेडिओची. भावाची खुर्ची रिकामी असली तरी काही जण बाकावर बसून रेडिओचीच वाट बघायचे. भाऊ कधी मनाला लावून घ्यायचा नाही. उलट म्हणायचा, "दादाकडे केस कमी कापून मिळतात, बातम्या जास्त."

हे सगळं सुरळीत चाललं होतं तेव्हा रेडिओने तिशीही गाठली नव्हती. घरी बायको होती, नुकती बोबडं बोलायला लागलेली मुलगी होती. बायको पलीकडच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला जायची. स्वभावाने शांत. घरात बोलायचं काम नवऱ्याकडे आणि ऐकायचं आपल्याकडे, अशी वाटणी तिने हसत मान्य केली होती.

बिघाड हळूहळू आला. आधी झोप उडाली, मग भूक. बोलणं कमी झालं. भावाला वाटलं, दमला असेल. मग एका सकाळी गिऱ्हाइकाची दाढी करता करता रेडिओने आरशात पाहिलं, तर समोर चेहराच नव्हता. म्हणजे नाक होतं, भुवया होत्या, साबणाचा फेस होता, एक डोळा, दुसरा डोळा. एकेक गोष्ट लख्ख दिसत होती, पण सगळ्यांचा मिळून माणूस होत नव्हता. शेजारी भाऊ कात्री चालवत होता. कात्री मिटलेली आधी दिसायची आणि तिचा आवाज मागाहून, भलत्याच कोपऱ्यातून यायचा. बाकावरची दोन माणसं कोणाच्या तरी गळक्या छताबद्दल बोलत होती. रेडिओची खात्री पटली की छत म्हणजे आपलं डोकं आणि ही माणसं आपल्याबद्दलच बोलतायत. तेवढ्यात मानेजवळून कोणीतरी म्हणालं, "बघ, आता हात चुकणार तुझा." त्याने गर्रकन वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्याने वस्तरा मिटला, भावाच्या हातात दिला, "यांचं तू पूर्ण कर" एवढंच म्हणाला आणि अंगावरचा एप्रनही न काढता घरी निघून गेला.

घरी तो पलंगाच्या कडेला कान झाकून बसला. बायको लॉन्ड्रीतून धावत आली. तिने काय झालं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तुला ऐकू येत नाही? एवढ्या शिव्या देतोय तो!"

आजूबाजूच्यांनी अशा वेळी काय काय सल्ले दिले असते ते सांगायला नको. बायकोने वाद घातला नाही आणि होला होही म्हटलं नाही. त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला नाही येत ऐकू. पण तुम्हाला येतंय ना, तेवढं मला पुरे. उठा, दवाखान्यात जाऊ. मी सोबत आहे."

आयुष्यभर तो सांगत आला की त्या दिवशी ती "काहीतरीच काय" एवढं जरी म्हणाली असती, तरी तिच्यावरचा त्याचा विश्वास तुटला असता.

दवाखान्यातल्या मनोविकार विभागाच्या डॉक्टर मॅडम तेव्हा नव्यानेच आलेल्या होत्या. बारीक अंगकाठी, जाड चष्मा, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय. रेडिओला काही आठवडे तिथेच ठेवलं. औषधांनी आधी नुसती गुंगी आली, तोंड कोरडं पडलं, हात थरथरू लागले. मग एकेक करून आवाज लांब गेले. भीती ओसरली, तसा त्याने पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम, मला वेड लागलंय का?"

"आजार झालाय," मॅडम म्हणाल्या. "काय झालंय ते सांगू का? मात्र आम्हालाही सगळं कळलेलं नाही, हे आधी ऐकून घ्या."

त्याने मान डोलावली.

"डोक्यात अब्जावधी पेशी असतात. त्यातल्या कोणा एकीला अख्खा चेहरा दिसत नाही. काही पेशी कडा टिपतात, काही रंग, काही हालचाल. आवाज टिपणाऱ्या आणखी वेगळ्या. मग हे सगळं एकत्र कसं येतं? तुम्ही कधी जिन्यावरून जड कपाट उतरवलंय?"

"उतरवलंय की. चौघं होतो."

"चौघांनी आपापल्या मर्जीने जोर लावला असता तर?"

"कपाट राहिलं असतं जिन्यात आणि आम्ही गेलो असतो खाली."

मॅडम हसल्या. "म्हणून एक जण 'हं, उचला' म्हणतो आणि सगळे एका दमात जोर लावतात. इथे असा ओरडणारा कोणी नसतो. पेशीच एकमेकींचा ताल पकडतात. ज्यांचा ताल जुळतो, त्यांनी टिपलेलं एकत्र येत असावं, असं आम्हाला वाटतं. तुमच्या आजारात हा ताल ढिला पडतो. पेशी काम सोडत नाहीत, पण कोणी आधी, कोणी नंतर. मग नाक दिसतं, डोळा दिसतो, माणूस दिसत नाही."

"आणि तो आवाज? तो कोणाचा?"

"आपण मनात बोलतो, तेव्हा मेंदू स्वतःलाच आधी कळवून ठेवतो की हे बोलणं आपलंच आहे. ती खबर वेळेवर पोचली नाही, तर स्वतःचंच बोलणं परक्याचं वाटू शकतं."

रेडिओने बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या सगळ्या शिव्या माझ्याच? मला वाटलं नव्हतं, मला इतक्या येत असतील."

बायको बाजूच्या स्टुलावर बसली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

त्याच विभागात मेंदूच्या लहरींचा अभ्यास चालू होता. मॅडमनी विचारलं आणि रेडिओ आनंदाने तयार झाला. एका बारक्या खोलीत त्याला बसवलं. यंत्रावरच्या मुलीने त्याच्या डोक्यावर तारांची घट्ट टोपी चढवली आणि केसांत थंडगार जेल भरू लागली. रेडिओ म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या डोक्यांना हात लावला, आज त्यांनी सूड उगवला." मुलगी हसली आणि म्हणाली, "हलू नका, नाहीतर तुमचा विनोदही कागदावर उमटेल."

समोरच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या डागांची चित्रं येत होती. काहींत चेहरा लपलेला होता, काहींत नुसते डाग. चेहरा दिसला की बटण दाबायचं. एकामागून एक चित्रं गेली आणि त्याला शाईच सांडलेली दिसत राहिली. तो खट्टू झाला. मुलगी म्हणाली, "सावकाश. इथे नापास कोणी होत नाही."

आणि मग एका चित्रात ते डाग अचानक सरकल्यासारखे झाले. एक पांढरा डाग गाल झाला, वरचा काळा डाग केस झाला. "बाई आहे!" तो ओरडला. बटण दाबायचं राहूनच गेलं. "म्हातारी बाई. हसतेय." त्याने ते चित्र पुन्हा दाखवायला लावलं. आता कितीही पाहिलं तरी ते डाग डाग दिसेनात, ती बाईच दिसत राहिली. त्या अनोळखी बाईकडे पाहून त्याला रडू आलं. मुलीने निमूटपणे यंत्र थांबवलं आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. ते पाणी किती गार होतं हेसुद्धा तो पुढे लोकांना सांगायचा.

दुकानात परतला तेव्हा मात्र वेगळीच परीक्षा होती. भावाने एकट्याने दुकान चालवलं होतं, आतली खुर्ची रोज पुसून ठेवली होती. पण वस्तऱ्याचा खण त्याने कुलूप लावून बंद केला होता. त्याला वाईट तरी कसं म्हणावं? तो घाबरला होता. रेडिओ टॉवेलांच्या घड्या घालायचा, जमिनीवरचे केस झाडायचा. गिऱ्हाइकं "बरं आहे ना आता?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता भावाच्या खुर्चीकडे वळायची. ती भरलेली असली तर बाकावर बसून राहायची. आतल्या खुर्चीकडे कोणी बघतही नव्हतं.

एका दुपारी ड्रायव्हरकाका आले. बस चालवून निवृत्त झालेले, जाडजूड मिशांचे, आवाज इंजिनासारखा. भावाची खुर्ची मोकळीच होती. काका ती ओलांडून आत गेले, दुसऱ्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकून म्हणाले, "दाढी."

भाऊ पुढे आला. "काका, इकडे या ना, मी करतो."

"तू बस. याच्याकडून करायचीय."

"काका, अहो पण..."

"माझी मान आहे. कोणाच्या हाती द्यायची ते मी ठरवीन."

भावाने खिशातून किल्ली काढली आणि खण उघडला. रेडिओने फेस लावला, वस्तरा घेतला आणि थांबला. "काका, खरं सांगतो. औषधाने हात जरा कापतो."

"मग सावकाश कर. मला कुठे बस पकडायचीय? जन्मभर मीच लोकांची बस चुकवत आलो."

रेडिओ हसला आणि त्या हसण्यात हाताचा ताठरपणा गेला. त्याने आरशात न पाहता थेट काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गालाला बोट लावून कातडी ताणली आणि पहिला हात फिरवला. मध्येच काका डोळे मिटूनच बोलू लागले. "माझ्या बसला अपघात झाला होता ना, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटायचा. आमचा कंडक्टर म्हणाला, चला, रिकामी बस फिरवून आणा, मी मागे बसतो. गावभर एकटा मागे बसून आला बिचारा. तो बसला नसता तर मी पुन्हा गाडीवर चढलोच नसतो."

दाढी झाली. एक ओरखडा नाही. काकांनी गालावरून हात फिरवला आणि बाकाकडे वळून म्हणाले, "पुढचा कोण?" कोणीतरी उठलं. भावाने खणाची किल्ली रेडिओच्या एप्रनच्या खिशात टाकली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

पुढे सगळं सोपं झालं असं नाही. एकदा आपण ठणठणीत झालो असं वाटून त्याने गोळ्या परस्पर बंद केल्या आणि पुन्हा दवाखान्यात पडला. त्यानंतर नवरा-बायकोत एक बोली ठरली. माणसं जरा विस्कटलेली वाटू लागली की तो म्हणायचा, "आज जरा सैल आहे." मग त्या दिवशी वस्तरा नाही, गोळीची वेळ तपासायची आणि मॅडमना फोन. मुलीलाही ते शब्द लहानपणापासून ठाऊक होते. शाळेत कोणी तिच्या बाबांना वेडा म्हणालं, तेव्हा तिने घरी येऊन विचारलं आणि रेडिओने तिला कपाट उतरवणाऱ्या चौघांची गोष्ट सांगितली. तिला ती इतकी आवडली की ती मुद्दाम जिन्यात उभी राहून "हं, उचला" ओरडायची.

वर्षं गेली. काका गेले, तेव्हा त्यांची शेवटची दाढी रेडिओनेच केली. मुलीचा संसार सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी रेडिओ दवाखान्यात जाऊन तिथल्या रुग्णांचे केस कापू लागला. मोबदला नको म्हणायचा. "मी तिथे बोलायला जातो," असं बायकोला सांगायचा, "केस तर निमित्त."

मॅडम निवृत्त झाल्या, त्या आठवड्यात त्या स्वतः दुकानात आल्या. केस आता पांढरे, चष्मा अजून जाड. म्हणाल्या, "हे एकदाचे आखूड करून टाका. रोज यांच्याशी भांडायचा कंटाळा आलाय."

रेडिओने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला खीळ बसली नव्हती त्याला नेमके आज शब्द सुचेनात. "मॅडम, तुमचे आभार कसे..." इतकंच म्हणून तो अडकला.

"माझे कसले?" मॅडम म्हणाल्या. "मी कागदावर औषध लिहिलं. ते रोज तुमच्या घशाखाली उतरवलं हिने." रेडिओची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"उतरवलं कुठलं," बायको म्हणाली, "तेवढं तरी तोंड बंद राहतं म्हणून आवडीने द्यायचे."

भाऊ खो खो हसला. चहा झाला. मॅडमनी आरशात डावीकडून, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "मागून अजून थोडे कमी करा."

"करतो की," रेडिओ म्हणाला आणि बोलता बोलता कात्री चालवू लागला.