कुमुदमावशीला ज्यूरीत बसायचं होतं

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. "कुमुद गेली गं. झोपेतच." माझ्या तोंडून काय निघावं? "इतक्या पटकन?" उभ्या आयुष्यात मावशीने पटकन अशी एक गोष्ट केली नव्हती. ती अडखळत बोलायची. 'व'वर तर गाडी हमखास अडायची, आणि माझं नाव वृंदा! लहानपणी मला वाटायचं, आपलं नाव फारच लांबलचक आहे. आता तसं हाक मारणारं कुणी नाही, याचं फार वाईट वाटतं.

मावशी रिटायर झाल्यावर आईने तिला नागपूरहून बॉस्टनला, आपल्याकडे बोलावून घेतलं. इतरांच्या मावश्या नायगारा बघून तृप्त होतात. आमची अडकली ती बॉस्टनजवळच्या सेलम गावात. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे माणसांना चेटकिणी ठरवून फासावर दिलं. आधी कुणाला धरलं? गाईड सांगत होती... दारोदार भीक मागणारी एक, चर्चला न जाणारी एक म्हातारी, दूरदेशीहून आणलेली एक गुलाम बाई. ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं अशा. संशयितांना प्रार्थना म्हणायला लावत. शब्द चुकला की सैतानाची खूण! मावशीने हात वर केला. "आणि जे ज-जन्मापासूनच अडखळतात, त्यांचं काय?" गाईड गडबडली. म्हणाली, एकाने तर फासाखाली न चुकता प्रार्थना म्हटली, तरी लटकवलंच त्याला. "अगं बाई! मग परीक्षा क-कसली?" हे मात्र मावशी मराठीतच ओरडली.

परतताना गाडीत तिने फर्मान काढलं, गणपतीची आरती म्हणा, शब्द चुकायचा नाही. माझ्या नवऱ्याने, निखिलने, 'फणिवर बंधना'चं 'फळीवर वंदना' करून सापाच्या फण्याची स्वयंपाकघरातली फळी केली. मीही कुठेतरी घसरलेच. "दोघंही फ-फासावर!" मावशी टाळ्या पिटत म्हणाली आणि स्वतः अख्खी आरती न चुकता गायली. गाताना ती कधीच अडखळत नसे.

"म्हणजे मी वाचले असते?"

"नाही हं मावशी. तिथे गायचं नव्हतं, बोलायचं होतं."

"पण हे ठ-ठरवायचं कोण?"

"ज्यूरी. आजूबाजूचीच माणसं."

"मला बसता येईल त्यात?"

"आधी सिटिझन व्हावं लागेल."

"अहो मावशी," निखिल म्हणाला, "इथे ज्यूरी ड्यूटी येऊ नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात!"

पण हिने ध्यासच घेतला. सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तोंडी असतो, त्या धास्तीने तिचं जेवण तुटलं. आणि नशीब बघा, ऑफिसरने वाचायला दिलेलं वाक्य नेमकं 'व्हॉट'ने सुरू होणारं! बाहेर आली ती चेहरा फुलवून. "पास! त्याने प-पेन खाली ठेवलं आणि थांबला गं."

पुढे तिला ज्यूरीचं बोलावणं आलं, निवड झाली. ठेवणीतली साडी नेसून रोज कोर्टात जायची. खटला कसला, निकाल काय, आम्ही खोदून खोदून विचारलं. ढिम्म! "त-तिथलं तिथे," एवढंच.

अंत्यविधीला आमच्या घोळक्यात एक अनोळखी अमेरिकन गृहस्थ आले. पेपरात वाचून आले होते, त्याच ज्यूरीत होते म्हणे. मी अधाशासारखं विचारलं, "काय झालं होतं तिथे?" खटल्याबद्दल तेही बोलेनात.

"जेवणाआधी निकाल उरकायचा, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं," ते म्हणाले. "मग त्या बोलायला लागल्या. एकच वाक्य होतं. पण ते पुरं व्हायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात आम्हाला विचार करावा लागला."