कुंदाताईंना वर उचलायचंय!

आमच्या यार्डात एम्टी, म्हणजे रिकामे कंटेनर एकावर एक पाच थर रचतात. सहावा चढवायचा नाही, असा नियम आहे. किस्स्यांना असा काही नियम नाही. उरणच्या रस्त्याला लागून असलेल्या या यार्डात मी चौदा वर्षं सर्व्हेअर आहे, म्हणजे आलेल्या कंटेनरला कुठे भोक, कुठे पोचा हे बघून कागदावर लिहिणारा माणूस. तेवढ्या काळात जमलेले किस्से रचायचे म्हटले तर क्रेन पुरणार नाही! त्यातला एक अख्खा थर एकट्या कुंदाताईंचा आहे.

कुंदाताई गेटवर असतात. तीस वर्षं त्याच केबिनमध्ये, त्याच खिडकीशी. बॉक्स, म्हणजे कंटेनर, बाहेर गेला की रजिस्टरमध्ये 'आऊट'ची वेळ, परत आला की 'इन'ची. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण ताईंचं रजिस्टर चालूच आहे. 'इन'चा रकाना रिकामा म्हणजे वस्तू बाहेर आहे, आणि तो भरल्याशिवाय ताई घरी जात नाहीत.

एकदा आमचे मॅनेजर साळवी साहेब दुपारी गाडी घेऊन जेवायला गेले आणि येताना मागच्या गेटने आत आले. पाच वाजता त्यांच्या केबिनमधला फोन वाजला.

"साहेब, तुमी अजून भायेर हाव."

"अहो ताई, मी केबिनमधूनच बोलतोय! तुम्ही केबिनलाच फोन केलाय!"

"मना रजिस्टरमधी दिसत नाय."

साहेब निमूट उठले, मागच्या गेटने बाहेर गेले, अख्खा वळसा घालून पुढच्या गेटने आत आले. ताईंनी वेळ लिहिली, पर्स उचलली आणि घरी गेल्या.

* * *

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. चहाच्या वेळी आमचा फोर्कलिफ्ट ड्रायव्हर बाळाराम मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. किहीमच्या अलीकडे कापणी झालेल्या शेतात त्याचा भाचा पॅरासेलिंग करत होता. जीपला दोर, दोराला पोरगा, पोराच्या डोक्यावर लालपिवळं पॅराशूट. जीप पळाली की पोरगा वर!

ताईंनी व्हिडिओ तीन वेळा बघितला.

"खाली पानी नाय ना?"

"नाही ताई, शेत आहे. समुद्रावरचं वेगळं, तिथे बोट असते."

"समुद्रावरचा नको. परले तर सापरनार नाय. शेतात परले तर सापरेन तरी." मग त्यांनी कप खाली ठेवला. "मी जानार."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"तीस वरसा बगतंय," त्या म्हणाल्या. "रोज दोनशे बॉक्स वर जातात. मना कोनी उचलला नाय."

त्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की नंतर धावणं, उडी मारणं कायमचं बंद. म्हणजे जे काही करायचं ते संक्रांतीच्या आतच करायला हवं होतं.

* * *

पॅरासेलिंगवाल्याने फोनवर विचारलं, "मॅडमचं वजन किती? नव्वदच्या वर घेत नाही." तो फक्त आकडा विचारत होता. पण आम्ही यार्डवाले! आमच्याकडे चाळीस टनांचा वजनकाटा असताना औषधाच्या दुकानात कोण जाणार?

माणसाला थेट काट्यावर उभं करून उपयोग नाही, एवढं हलकं वजन तो काटा धरतच नाही. म्हणून पद्धतशीर करायचं ठरलं. आधी रिकामा टेम्पो, मग ताईंना घेऊन टेम्पो, वजा केलं की ताई. बाळारामने टेम्पो काट्यावर घेतला, आकडा आला. मग तो अदबीने खाली उतरला, ताईंसाठी दार धरलं, ताई चढून बसल्या, आणि हा दार धरून खालीच उभा राहिला.

पावती छापून आली. निव्वळ वजन, उणे वीस किलो!

कंटेनरची डागडुजी करणारा आमचा नझीर वेल्डर पावती उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला जीप कायको लागते? तुम्ही अशाच वर जाल!"

शेवटी औषधाच्या दुकानातच गेलो. चौसष्ट.

* * *

ताईंच्या थोरल्या मुलाने मला फोन केला. "काका, आईला समजवा. या वयात काही झालं तर?"

मुलाचं चुकत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो, स्टूल ओढलं आणि शब्दांची जुळवाजुळव करू लागलो.

ताईंनी चष्मा काढला. "तू सर्व्हेअर ना?"

"हो."

"मंग बग नीट. डॅमेज दिसतो का कुटं?"

मी स्टूल जागेवर ठेवलं आणि बाहेर आलो.

* * *

वर जायच्या आधी पाच पावलं पळावं लागतं, असं कळलं होतं. ताई शेवटच्या कधी पळाल्या होत्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. मग सराव सुरू झाला. रोज जेवणाच्या सुट्टीत यार्डाच्या मागच्या गल्लीत बाळाराम फोर्कलिफ्ट अगदी हळू चालवायचा, मागे बांधलेला दोर ताईंच्या हातात, अंगात यार्डाचं चमकणारं जॅकेट, गुडघ्याला पट्टा. पाच पावलं पळायचं, थांबायचं, गुडघा चोळायचा, पुन्हा पाच.

पहिल्या दिवशी दोनच झाली. आठवड्याने चार. ताई रोज केबिनमध्ये येऊन पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडून बसायच्या, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली की दोर घेऊन हजर!

एकदा साळवी साहेबांनी वरच्या खिडकीतून हे पाहिलं. पुढे फोर्कलिफ्ट, मागे धावत ताई. साहेबांनी खिडकी उघडली आणि ओरडले, "अरे बाळाराम, थांब की! काय अंत बघतोस त्यांचा? गेटपास दाखवून टाक!"

* * *

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं निघालो. करंजाहून लाँचने रेवस, तिथून सहा आसनी रिक्षाने शेत. पॅराशूट जमिनीवर पसरलेलं होतं.

ताई पॅराशूटच्या मालकाला म्हणाल्या, "आधी मना तपासू दे."

आता आमच्या धंद्यात कंटेनर तपासायची एक पद्धत आहे. आत शिरायचं, दारं बंद करून घ्यायची आणि अंधारात उभं राहायचं. कुठून उजेड आत आला, की तिथे भोक! ताई सरळ पॅराशूटच्या कापडाखाली शिरल्या. मिनिटभर नुसता एक उंचवटा इकडून तिकडे फिरत होता. मग आतून आवाज आला, "ह्याला लय भोका हान! रिजेक्ट!"

मालक घाबरला. "मॅडम, ती भोकं नाहीत. मुद्दाम ठेवलेल्या फटी आहेत. त्यातून वारा जातो, म्हणून तर ते सरळ राहतं!"

त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. ताईंना पटायला अर्धा तास लागला, पण पटलं. त्या हमीपत्रावर सही करायला टेबलाशी गेल्या. आम्ही चहा घेतला.

एक मात्र झालं. हे सगळं समजावणं चाललं असताना नझीर तिथे नव्हता. त्याने फक्त 'रिजेक्ट' ऐकलं होतं. रिजेक्ट झालं की भोकं बुजवायची, हे तर त्याचं रोजचं काम. पिशवीत त्याचं सामान कायम असतं, ताडपत्रीचे तुकडे आणि रबर सोल्युशन. आमचा चहा होईपर्यंत त्याने चार फटी बंद करून टाकल्या!

मालकाने नुसतं फुगवून बघितलं, तर पॅराशूट तिरकं होऊन बाभळीकडे ओढ घ्यायला लागलं. नशीब, ताईंना अजून बांधलं नव्हतं. "हे कोणी चिकटवलं?"

नझीरने अभिमानाने हात वर केला. "पाच वर्षं उखडणार नाही. माझी गॅरंटी!"

आणि खरंच उखडेना. सगळं साफ करेपर्यंत वारा फिरला आणि त्या दिवसाचं काम बंद झालं.

परतीच्या लाँचवर नझीर कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. संक्रांतीच्या आधी ताईंना मोकळा असलेला एकच रविवार उरला होता. ताईंनी डबा उघडला, तांदळाची अर्धी भाकरी मोडून नझीरच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "काम पक्का केलास, ह्यात वाद नाय."

* * *

शेवटचा रविवार. वारा मालकाला हवा तसा होता. पॅराशूटच्या फटी मोकळ्या होत्या आणि नझीरची पिशवी बाळारामच्या ताब्यात होती.

टेबलावर मालकाची वही होती. वर जाणाऱ्याने आपल्या हाताने नाव, वर गेल्याची वेळ, खाली आल्याची वेळ आणि सही करायची, असा त्याचा शिरस्ता. ताईंनी वही बघितली आणि पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं झालं. घड्याळ बघून त्यांनी लिहिलं, दहा वाजून पाच मिनिटं. पंजाबी ड्रेसवर यार्डाचं जॅकेट चढवलं, पट्टे आवळून घेतले, हेल्मेट घातलं.

"भीती वाटते का, मॅडम?"

"वाटते. चालू कर."

मालकाने इशाऱ्याचा झेंडा खाली केला आणि जीप निघाली. दोर ताठ झाला. ताई पळाल्या. एक. दोन. तिसरं पाऊल टाकलं, तर खाली जमीनच नव्हती!

वर गेल्या तरी पाय पळतच होते. बाळाराम दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ताई, थांबा आता! पोचलात!"

पाय थांबले. ताई सुपारीच्या झाडांपेक्षा वर गेल्या. तिथून त्यांना पलीकडचा समुद्र दिसला असणार. आम्हाला खालून फक्त ते चमकणारं जॅकेट दिसत होतं. नझीर उघड रडत होता.

जीप शेताच्या टोकाला थांबली. ताई हळूहळू खाली आल्या, दोन माणसांनी त्यांना धरलं आणि त्या पायांवर उभ्या राहिल्या. गुडघा शाबूत होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो, पण त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. हेल्मेट काढून त्यांनी चष्मा ओढणीला पुसला, टेबलाशी आल्या, झोकात सही केली आणि जाऊन रिक्षात पुढच्या सीटवर बसल्या.

मालक वही घेऊन मागे धावला. "मॅडम, अहो मॅडम! खाली आल्याची वेळ लिहायची राहिली!"

ताई समोर बघत होत्या.

"र्‍हाऊ दे," त्या म्हणाल्या.