माफ करणारा ड्रायव्हर

नवरा रिटायर झाला त्या हिवाळ्यात मी गोल्फ शिकले. माहेरी हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे नीट बघून घेतो. आम्ही दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत राहणारे, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीतले. आमच्या घरात गोल्फ आला तो नवऱ्याच्या एका जुन्या साहेबांमुळे. बदली होऊन जाताना त्यांनी आपला वापरलेला ड्रायव्हर त्याला देऊन टाकला होता. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, पहिला लांबचा फटका मारायची. साहेबांच्या काठीचं डोकं लहानसं होतं, मुठीएवढं. नवरा दर रविवारी नोएडाच्या बाजूच्या गोल्फच्या मैदानावर जाऊन तिने फटके मारायचा आणि चेंडू हवेत गेल्यावर काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळायचा. त्यावर त्याने उपाय शोधला होता. तो आधीच डावीकडे, तळ्याच्या बाजूला, तोंड करून उभा राहायचा. मग नशीब बरं असलं तर चेंडू वळून मधोमध पडायचा, नसलं तर उजवीकडच्या कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, काट्यांत.

मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. रविवारचं चालणं मी त्याच्याबरोबर करू लागले. मोर दिसायचे, टिटव्या ओरडायच्या, पण एखाद्याला झाडीत चेंडू शोधताना बघण्यात किती दिवस मन रमणार? एकदा तोच म्हणाला, "आलीच आहेस तर मारून बघ एखादा."

मी मारला. चेंडू माझ्या पायापासून दोन हातांवर जाऊन थांबला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

"बघ, याला म्हणतात काठी," नवरा खूश होऊन म्हणाला. "चूक झाली की लगेच हाताला कळते."

"चुका कळवणारे मला ऑफिसात भरपूर आहेत," मी म्हटलं. तरी शिकत राहिले, कारण दहातला एखादा चेंडू उडायचा आणि तो उडाला की दिवसभर बरं वाटायचं.

आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये एक पंजाबी बाई राहतात. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता सत्तरीला आल्या आहेत. सगळी सोसायटी त्यांना आंटीजी म्हणते. त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे अंकलजी, तिथेच खेळायला यायचे. माझी झटापट बघून एके दिवशी आंटीजींनी आपला ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. त्याचं डोकं चांगलं मोठं, फुगलेलं.

"इससे मारकर देख, बेटा. ये बड़ा माफ करने वाला है."

मी मारला. नीट लागलाच नव्हता, आवाजावरून मलाच कळलं. तरी चेंडू उडाला, फार लांब नाही, पण सरळ गेला आणि हिरवळीवर पडला. मी वळून पाहिलं. आंटीजींनी फक्त भुवया उंचावल्या.

वाढदिवसाला मुलीने गुडगावहून तसाच ड्रायव्हर पाठवला. आनंदाच्या भरात मी नागपूरला बहिणीला फोन केला. "अगं, नवा ड्रायव्हर मिळालाय मला. इतका छान आहे, सगळ्या चुका माफ करतो."

"चुका त्याने करायच्या असतात गं," बहीण म्हणाली, "आणि माफ तू करायच्या. आणि गाडी चालवतो कशी?"

नवऱ्याला मात्र तो ड्रायव्हर बघवत नव्हता. "हे पातेलं कुठून आणलंस?" हे त्याचं पहिलं वाक्य. पुढे त्याचं नावच पातेलं पडलं. पातेल्याने चेंडू सरळ गेला तर त्यात खेळणाऱ्याचं काय कौतुक, असं त्याचं म्हणणं. मी वाद घातला नाही. हिरवळीवरून आरामात चालत जायचे आणि तो झाडीतून बाहेर येईपर्यंत थांबायचे.

मग जानेवारीत जोडप्यांचा सामना ठरला. मैत्रीचाच होता, नियम सैल. नवरा-बायकोने एकच चेंडू आळीपाळीने मारायचा, म्हणजे एकाने घातलेला घोळ दुसऱ्याने निस्तरायचा. आमच्याबरोबर आंटीजी आणि अंकलजी होते. धुक्यामुळे सुरुवात लांबली. चहा पिऊन पिऊन सगळे कंटाळले होते, त्यामुळे आम्ही उभे राहिलो तेव्हा बघायला बरीच मंडळी जमली.

पहिला फटका नवऱ्याचा. डावीकडे तोंड, सुंदर झोका, आणि चेंडू वळत वळत काट्यांत. आता तिथून मारायचं मला. मी वाकून आत शिरले, कार्डिगन अडकलं, ते सोडवलं आणि कसाबसा चेंडू बाहेर ढकलला. पुन्हा त्याची पाळी आली तेव्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा तो माझ्या हातावरचे ओरखडे बघत म्हणाला, "लागलं का गं?"

"नाही रे. चल."

खरं सांगते, मला त्याचा राग आला नव्हता. वाईट वाटत होतं. रिटायर झाल्यापासून तो जरा गप्प झाला होता. फोन येणं कमी झालं होतं, आणि रविवारची ही सकाळच काय ती त्याची अशी उरली होती. तीही चारचौघांत अशी चालली होती.

पुढचा लांब फटका माझा होता. मी घाबरून घाई केली आणि चेंडू पातेल्याच्या पार दांड्याजवळ लागला. फद् असा आवाज झाला. चेंडू थोडा डगमगला आणि हिरवळीच्या कडेला, पण हिरवळीवरच पडला.

"कुठे लागला?" नवऱ्याने विचारलं.

"दांड्याजवळ. अगदी वाईट."

"आणि तरी तिथे गेला?"

तो बराच वेळ त्या चेंडूकडे बघत राहिला. पुढच्या वेळी त्याची पाळी आली तेव्हा त्याचा हात स्वतःच्या बॅगेपर्यंत गेला, थांबला, आणि तो माझ्याकडे वळला.

"दे जरा ते पातेलं."

अंकलजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. नवरा उभा राहिला, नेहमीसारखा डावीकडे तोंड करून. झोका घेतला. टण्ण! असा आवाज मी त्याच्या हातून कधी ऐकला नव्हता. चेंडू बाणासारखा गेला, जराही वळला नाही, आणि डावीकडच्या तळ्याच्या बरोब्बर मधोमध पडला. दोन बदकं उडाली.

मी मनात म्हटलं, संपलं.

"अगं," नवरा तळ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "मी बघत होतो तिथेच गेला!"

आणि तो हसायला लागला. आधी हळू, मग गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "इतकी वर्षं मी त्या तळ्यावर नेम धरतोय! आज पहिल्यांदा लागला!"

"भाई साहब, निशाना तो कमाल का है," अंकलजी म्हणाले, आणि मग आम्ही चौघंही हसत सुटलो, इतके की मागच्या जोडप्याने काय झालं म्हणून ओरडून विचारलं.

त्यानंतर आंटीजींनी त्याला मुख्याध्यापिकेच्या आवाजात सरळ उभं केलं. उरलेल्या खेळात पातेलं आमच्या दोघांत फिरत राहिलं. निकाल लागला तेव्हा आमच्या मागे एकच जोडी होती, आणि त्यातल्या बाईंना दुपारचं विमान पकडायचं असल्यामुळे ते अर्ध्यातूनच निघून गेले होते. जेवायला बसलो तेव्हा तळ्याची गोष्ट मी सांगणार एवढ्यात नवऱ्यानेच ती सांगायला घेतली, हिंदीत, हातवारे करून, बदकांसकट. शेजारच्या टेबलावरच्यांनी खुर्च्या वळवल्या. स्वतःच्या फजितीची गोष्ट तो एवढ्या चवीने सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं. छोल्यांची वाटी त्याच्यासमोर तशीच गार झाली.

आता त्याच्याकडेही तसाच ड्रायव्हर आहे. फक्त डावीकडे तोंड करून उभं राहायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणून फटक्याआधी मी त्याच्या मागे उभी राहते आणि दोन्ही खांदे धरून त्याला हिरवळीच्या मध्यावर आणते. नवे लोक बघून हसतात. तो मान न वळवता विचारतो, "झालो का सरळ?" मी म्हणते, "अजून थोडा."