फ्लॅट ३०३ मधलं दूध

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि एम.एस्सी. झाले याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. या सदरात येणारे वाचकांचे चमत्कारिक अनुभव मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून हसत असे. आज स्वतःच लिहायला बसलेय... तर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

गेला फेब्रुवारी. मेहकर. प्रॅक्टिकल परीक्षा चालू, आणि नेमकं त्याच आठवड्यात जुनी खोली सोडून या फ्लॅटमध्ये यायचं होतं. तिसरा मजला, नंबर ३०३, स्वयंपाकाचा ओटा पूर्वेच्या खिडकीला लागून. दोन खोल्यांचं घर मी घेतलं ते मायसाठी. बाप गेल्यापासून ती सुलतानपूरला एकटी. मी एकुलती एक. पण तिचं एकच पालुपद –

"पोरीच्या घरी माय राह्यते काय कुठी? लोकं शेण घालतीन तोंडात."

दोन वर्षं हेच. शेवटी कशीबशी तयार झाली, तीही अट घालून. "नव्या घरात दूध उतू घालू. गेलं उतू तं घरानं मले ठेवून घेतलं म्हनीन. नाई गेलं तं दुपारच्या एसटीनं मी चालली."

मी मनात म्हटलं, दूध तर उतू जाणारच, साधं फिजिक्स आहे! चूक इथंच झाली. माय सांगत होती, शेगडी-सिलिंडर पहिल्या खेपेत आण. मी ऐकलं नाही. इंडक्शन आहे ना...

सकाळी साडेआठला पातेल्यात दूध ओतलं, हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं. आकडे उजळले – आणि लाइट गेली. अख्ख्या कॉलनीची.

पाऊण तास वाट पाहिली. लाइट एकदम आली तर इंडक्शन जळायचं, म्हणून मी प्लगसुद्धा काढून ठेवला. साडेदहाला बाहेरचे परीक्षक लॅबमध्ये येणार होते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू डोकावल्या. "आणा बरं इकडे, आमच्या गॅसवर तापवा."

"नाई हो बाई. दुसऱ्याच्या आगीवर आपलं घर कसं वसन?" माय उठली. पातेल्याला बोट लावून बघितलं. "थंडगार. शिकलीसवरली तू, तुले कोन सांगन शेगडी आन म्हनून?"

पिशवी काखेत, पाय चपलेत. मी दारात आडवी उभी. एवढ्या पोरांसमोर बोलणारी मी... फक्त म्हणाले, "माय, राह्य ना वं."

मायच्या मागून, ओट्याकडून आवाज आला. सुर्रर्र...

मी, माय, काकू – तिघींनी तिकडे पाहिलं. पातेल्यावर साय फुगली होती. फुगून काठावर आली आणि पूर्वेकडून, खिडकीच्या बाजूनं, ओट्यावर उतरली. वाफ दिसत होती. मी धावत जाऊन आधी प्लग पाहिला. वायर गुंडाळलेली, तशीच पडलेली. काकूंनी हात जोडले. मी काठाला हात लावला – चटका बसला.

मायनं काय केलं? काही नाही. चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली.

"पाह्यत काय उभी राह्यली? कॉलेजले उशीर होऊन राह्यला ना तुले? जाय. डबा म्या आनून देईन."

लाइट आली ती दुपारी बारानंतर. आणि डबा खरोखरच आला! गेटवरच्या शिपायाला माय ठणकावून सांगत होती, "मॅडमची माय हाव मी. इथंच राह्यते, तिच्याजवळ."

पुढे मी लॅबमध्ये तेच पातेलं, तेवढंच दूध, थर्मामीटर, सगळं करून पाहिलं. एकदा नाही, चारदा. बंद इंडक्शनवर दूध गारच राहतं. दुसरं काय होणार?

सगळं रीतसर जर्नलमध्ये उतरवलंय : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. 'निष्कर्ष' या शब्दापुढे मात्र अजून काही लिहिता आलेलं नाही. निष्कर्ष कोरा असेल तर मी पोरांचं जर्नल परत फेकते, सही करत नाही.

या एकावर केलीय. आत माय भाकरी थापतेय, तिचा आवाज येतोय.