कपाळं वाचणाऱ्या मॅडम

आमच्या संख्याशास्त्राच्या मॅडम शिकवताना फळ्याकडे कमी आणि आमच्या कपाळांकडे जास्त बघत. कुणाच्या कपाळावर आठी दिसली की खडू थांबायचा. "शेवटचा बाक, तुम्हाला कळलेलं नाही. मान कशाला हलवताय?" असं कोरडेपणानं म्हणून त्या तेच पुन्हा, वेगळ्या उदाहरणानं शिकवत.

लॉकडाऊनमध्ये वर्ग ऑनलाइन गेला आणि त्यांच्यापुढे नुसते काळे चौकोन उरले. कॅमेरे सुरू करा, असं त्या रोज सांगत; रोज कुणी ना कुणी नेटवर्कचं कारण देई. मला ते सोयीचंच होतं. मांजरी गावाहून कॉलेजला यायला दोन बस बदलाव्या लागत. आता मी पांघरुणातून हजेरी देत होते.

कॉलेज उघडल्यावर फॉर्म आला: वर्गातलं शिकवणं बरं की ऑनलाइन? वर्गप्रतिनिधी म्हणून तो सगळ्यांकडून भरून घ्यायचं काम माझं. त्याचा अहवाल करायला विभागानं मॅडमनाच सांगितलं. त्या तासिका तत्त्वावर होत्या. तास असतील तरच नोकरी. बहुतेकांनी ऑनलाइनपुढे 'पूर्ण समाधानी'वर खूण केली होती. मॅडमनी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांना सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड करून द्यायला सांगितलं. रिकाम्या वर्गात त्यांना बोलता येईना. मला बोलावून म्हणाल्या, "समोर बस. कळलं नाही तर चेहऱ्यावर दिसू दे." मी बसत गेले. एकेक धडा संपत होता, तसं हे कशासाठी चाललंय ते मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. शेवटच्या दिवशी मी विचारलं, पुढच्या वर्षी तुम्ही असाल ना? माइकची वायर गुंडाळत त्या म्हणाल्या, "आवाज असेल."

जूनमध्ये त्यांना तास मिळाले नाहीत. नव्या मुलांना रेकॉर्डिंग दिलं गेलं. मुलं ते दुप्पट वेगानं बघतात, असं कानावर आलं.

गेल्या वर्षी नारायण पेठेत त्या अचानक भेटल्या. शिकवणं सुटलं होतं. घरी बसून कुठल्याशा कंपनीची आकडेवारी तपासत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, त्या फॉर्मवर मीही 'पूर्ण समाधानी'वरच खूण केली होती."

"खरं वाटलं तिथेच केलीस ना? मग झालं," एवढं बोलून त्या रस्ता ओलांडून गेल्या.

मी प्रश्न वाचलेच नव्हते. बसमध्ये उभ्या उभ्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत 'पूर्ण समाधानी'च्या खुणा करत सुटले होते. लवकर भरून टाका म्हणून बाकीच्यांनाही मीच तसं सांगितलं होतं.